घरातली अडगळ आणि मनाची घुसमट: कोल्हापूरकर विचारतात ते प्रश्न

मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते. 'आमच्या घरात अडगळ फार झाली आहे' अशी तक्रार घेऊन माझ्याकडं कुणी येत नाही. येतात ते नवरा-बायकोचं पटत नाही, पोरगं घरात थांबत नाही, सासूबाईंनी अबोला धरलाय म्हणून. अर्धा तास बोललं की गाडी माळ्यावर, पलंगाखाली नाहीतर कुलूप घातलेल्या मागच्या खोलीत जाऊन थांबते. तिथून पुढं जे विचारलं जातं ते इथं एकत्र केलं आहे.

पसारा कुणाच्या घरात नसतो? त्यात मनाचा काय संबंध?

पसारा सगळ्यांच्याच घरात असतो, लहान पोरं असतील तर असायलाच हवा. रात्री आवरला, सकाळी परत झाला, त्या पसाऱ्यानं कुणाचं काही बिघडत नाही. त्रास होतो तो जागचा न हलणाऱ्या पसाऱ्याचा. कोपऱ्यातला बंद मिक्सर रोज आठवण करून देतो की अजून दुरुस्तीला टाकला नाही. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग, बिलांचा गठ्ठा, कुणाचा तरी परत द्यायचा डबा, सगळ्यांचं तेच. येता-जाता नजर पडते, आणि दिवसभरात अशा पन्नास टोचण्या बसल्या की माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी भडकतो.

मी आणखी एक खूण बघते. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला 'या की, बसा, च्या घ्या' म्हटल्याशिवाय सोडायची पद्धत नाही. ज्या घराचं दार अर्धंच उघडतं, माणूस बाहेर येऊन दार मागं ओढून घेतो आणि गल्लीतच उभ्या उभ्या बोलतो, त्या घरात काहीतरी साचलेलं असतं. आधी पाहुणे टाळले जातात. मग भिशी 'यंदा तुमच्याकडंच करूया' होते, मग हळदीकुंकू बंद. एकटेपणा येतो तो या वाटेनं. धुळीनं दमा वाढतो, रात्री पायात काहीतरी अडकून म्हातारं माणूस पडतं, ते आणखी वेगळं.

घर विस्कटलेलं असलं की माझी चिडचिड होते, ह्यांना मात्र काहीच वाटत नाही. माझंच काही चुकतंय का?

नाही. लॉस एंजेलिसमध्ये नवरा-बायको दोघंही कमावत असलेल्या ३० जोडप्यांचा एक अभ्यास झाला होता, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर स्वतःचं घर फिरून दाखवायला सांगितलं आणि बोलताना 'पसारा', 'अर्धवट राहिलंय' अशा अर्थाचे शब्द किती येतात ते मोजलं. शिवाय काही दिवस लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं. हे ताणाशी निगडित संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. ज्या बायका घराबद्दल अशा शब्दांत बोलल्या, त्यांचं कॉर्टिसॉल हवं तसं उतरत नव्हतं, आणि दिवस कलेल तसं मनही खचत होतं. नवऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही.

अभ्यास छोटा आहे. पसाऱ्यामुळं ताण की ताणामुळं पसारा, हेही त्यावरून ठरत नाही. पण मंगळवार पेठेतल्या वाड्यात काय आणि राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये काय, मला एकच गोष्ट दिसते: पसारा सगळ्यांचा, बोलणी एकटीला. पाहुणे घरी जाताना 'सुनेनं घर कसं ठेवलंय बघितलंस का' म्हणतात. मुलाचं नाव कुणी घेत नाही. ह्यांना काही वाटत नाही, कारण ह्यांना कुणी काही विचारतच नाही.

म्हणून 'आपण सगळे मिळून आवरूया' या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यातले 'सगळे' तासाभरात चहा प्यायला बसतात. कुठला ढीग कुणाचा, हे आधी नाव घेऊन ठरवा. जिन्याखालची बंद लुना आणि तिचे सुटे पार्ट ह्यांचे. अकरावीपासूनच्या नोट्स पोराच्या. साड्यांचं कपाट तुमचं. दुसऱ्याच्या ढिगाला हात लावायचा नाही, आणि त्यावरून पाहुण्यांसमोर माफीही मागायची नाही. हे दुसरं जास्त अवघड आहे.

आमच्या सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. हा आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. गोकुळच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवणारी बाई आजारी नसते. ती महिन्यानं त्या विकते आणि पैसे डब्यात टाकते. जुनी नाणी, तिकिटं, अडकित्ते जमवणाराही आजारी नसतो. त्याला काय कुठं आहे ते माहीत असतं, आणि तुम्ही बघायला आलात तर तो तुम्हाला दोन तास सोडत नाही.

साठवणुकीचा विकार, ज्याला डॉक्टर होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात, तो वेगळा. आधी तो मंत्रचळाचा म्हणजे ओसीडीचाच एक प्रकार समजला जायचा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार मानलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीतही तो आहे. ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. परदेशातल्या अभ्यासांमध्ये शंभर मोठ्या माणसांत साधारण दोन-तीन जणांना हा त्रास आढळतो.

ओळखायचं कसं? वस्तूची किंमत काय हे बघू नका, खोली तिच्या कामाला येते का ते बघा. पलंगावर झोपता येत नाही म्हणून माणूस खाली जमिनीवर झोपतो. ओटा भरलाय म्हणून एकाच शेगडीवर सगळा स्वयंपाक. न्हाणीत बादल्यांवर बोचकी. आणि एखादी फाटकी पिशवी टाकायची म्हटली तरी घाम फुटावा, रडू यावं, झोप उडावी इतका त्रास. ह्या गोष्टी वर्षानुवर्षं एकत्र दिसत असतील तर तज्ज्ञाला दाखवा. घर वरवर नीट दिसतं ते केवळ सून रोज उपसते म्हणून, असं असेल तरीही दाखवा.

तज्ज्ञांकडं चित्रांची एक पट्टी असते. स्वयंपाकघर, झोपायची खोली, बसायची खोली, प्रत्येकाची नऊ चित्रं. १ म्हणजे मोकळी, ९ म्हणजे छतापर्यंत भरलेली. चार किंवा त्याच्या पुढं गेलं तर मदत घ्यावी असं मानतात. मला ती पट्टी वेगळ्याच कारणासाठी आवडते. सून सातवर बोट ठेवते, सासूबाई दोनवर, आणि दोघीही खरं बोलत असतात. तिथून बोलणं सुरू होतं.

पण एवढं जमवायची सवय लागते कशामुळं? गरिबीतून आलेत म्हणून?

असं सगळेच म्हणतात. १९७२ चा दुष्काळ बघितलेल्या माणसाला पोळीचा तुकडा टाकवत नाही हे खरंच आहे, आणि त्यात काही वावगंही नाही. पण गरिबी आणि हा विकार यांचा थेट संबंध अभ्यासांत नीटसा सापडत नाही. त्यापेक्षा आघातांशी जास्त सापडतो: जवळचं माणूस जाणं, घर सुटणं, हिंसा. घराण्यातही असतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत येण्याची शक्यता वाढते, आणि सुरुवात बऱ्याचदा शाळकरी वयातच होते. तेव्हा ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण माळा आईचा असतो.

आणखी एक कारण लोकांना चमत्कारिक वाटतं. हे लोक आळशी नसतात, उलट चोख असतात. योग्य माणसाला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी द्यायचं म्हणून वस्तू थांबवून ठेवतात. मेंदूच्या स्कॅनचा २०१२ चा एक अभ्यास आहे. त्यात लोकांना स्वतःचे आणि दुसऱ्याचे कागद दाखवून ठेवायचे की फाडायचे ते ठरवायला लावलं. दुसऱ्याच्या कागदांच्या वेळी हा विकार असलेल्यांचा मेंदू उलट थंडच होता. स्वतःच्या कागदाची वेळ आली की 'हे महत्त्वाचं आहे, चुकू नकोस' सांगणारे भाग नको तितके पेटायचे. तुमच्या आत्याबाईंना शेजारणीचं घर एका दुपारी आवरता येतं आणि स्वतःचं नाही, ते यामुळं.

महापुरात आमचं सगळं गेलं. तेव्हापासून आबा एक खोकासुद्धा टाकू देत नाहीत.

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो.

२००५, २०१९, २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. ते ओसरल्यावर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, सुतारवाड्यात, दुधाळीत रस्त्याच्या कडेला गाद्या, फुगलेली प्लायवूडची कपाटं, चिखलानं भरलेले फ्रीज यांचे ढीग लागले होते. लग्नाचे अल्बम त्यातच. तुमच्या आबांनी जन्मभर जपलेलं स्वतःच्या हातानं रस्त्यावर फेकलं, आणि काय ठेवायचं हे त्यांना कुणी विचारलं नाही. नदीनं ठरवलं. त्यानंतर 'हे टाकूया का' हा प्रश्न त्यांच्या कानाला कसा लागत असेल?

पूरपट्ट्यातल्या घरात मी टाकायची भाषा करतच नाही. मे महिन्यात घरच्यांना एकत्र बसवून विचारते: निरोप आला, हातात दोन तास आहेत, वर काय न्यायचं? एक पत्र्याची ट्रंक घ्या. त्यात सातबारा, घरफाळ्याच्या पावत्या, आधार, औषधं, दोन फोटो, आबांना हवी ती एक वस्तू. यादी आबांनीच करायची, त्यांच्या अक्षरात. ट्रंक भरली की उरलेल्या खोक्यांवरची पकड थोडी सैल पडते. लगेच पडत नाही. एका घरात दोन पावसाळे गेले.

माळा गच्च भरलेला असेल तर पुरात वर चढवायला जागाच राहत नाही, हा मुद्दाही आबांना पटतो. तो तुम्ही काढू नका, त्यांनाच सुचू द्या.

ते गावाला गेले की गुपचूप भंगारवाल्याला बोलावू का?

नको.

मी हे करून बसले आहे. आमचे अण्णा 'पुढारी'चे अंक गठ्ठे बांधून माळ्यावर ठेवायचे. ते पंढरपूरला गेले असताना आईनं आणि मी मिळून चार-पाच वर्षांची रद्दी किलोवर घातली आणि त्या पैशाचं भडंग आणलं. अण्णा आले, माळ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात माळ्याच्या फळीला कुलूप लागलं. वर्षभरात पहिल्याच्या दुप्पट रद्दी झाली, आणि ती आता त्यांच्या पलंगाखाली होती, जिथं झाडूसुद्धा जायचा नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं.

विकार असलेल्या माणसाचं घर जबरदस्तीनं रिकामं केलं तर तो उन्मळून पडतो आणि घर पुन्हा भरतं, हा जगभरातल्या तज्ज्ञांचा अनुभव आहे. शिवाय पुढच्या वेळी तो तुम्हाला दार उघडत नाही. अपवाद एवढाच: आगीचा धोका, गॅसच्या सिलिंडरभोवती रचलेली रद्दी, सडलेलं अन्न, डासांच्या अळ्या झालेलं जुन्या टायरमधलं पाणी. तिथं थांबू नका. पण सांगून, समोर काढा.

मग बोलायचं कसं?

'हा सगळा कचरा' हा शब्द तोंडातून गेला की त्या दिवशीचं काम संपलं. त्यांच्या वस्तूला त्यांचाच शब्द वापरा. त्या 'सामान' म्हणतात, तुम्हीही सामान म्हणा. 'हे कशाला ठेवलंय?' हा प्रश्न नाही, आरोप आहे. 'आई, ही घागर कुठून आली होती?' हे विचारून बघा. गोष्ट सांगून झाल्यावर कितीतरी माणसं स्वतःच म्हणतात, 'घाल आता मोडीत.' त्यांना वस्तू ठेवायची नव्हती, ती गोष्ट कुणीतरी ऐकायला हवी होती.

जागा लहान निवडा. अख्खा माळा नको, पलंगाचं एक टोक. वेळ अर्धा तास, चहाच्या आधी. ठेवायचं की टाकायचं हे वस्तू त्यांच्या हातात असताना त्यांनीच ठरवायचं, आणि 'ठेवायचं' म्हणाल्या तर ते निमूटपणे ठेवायचं. जिन्यावरचा, दारातला, शेगडीजवळचा भाग आधी घ्या, कारण 'पाय अडकून पडाल' ही काळजी असते. ती ऐकून कुणाला राग येत नाही.

आणि आपल्याकडचा मुहूर्त वापरा. घट बसायच्या आधी कोल्हापुरात घर धुवून निघतं. वाकळा, चादरी, गोधड्या पंचगंगेच्या घाटावर जातात. त्या आठवड्यात सामान हलवायला कुणाचीच ना नसते. आंबाबाईसाठी म्हटलं की सासूबाईही पदर खोचतात. जे बोलून होत नाही ते त्या आठ दिवसांत होतं.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचे कपडे तसेच आहेत. लोक म्हणतात, देऊन टाक.

लोकांना म्हणू दे. मुदत नसते. कपाट उघडल्यावर थोडं बरं वाटत असेल तर ते कपाट अडगळ नाही. मात्र उघडताच येत नसेल, त्या खोलीत जाणंच बंद झालं असेल, जेवण-झोप अजून लागत नसेल, तर ते कपड्यांचं दुखणं नाही, त्यावर बोलायला हवं.

काही जणी एक काम करतात, मला ते फार आवडतं. ह्यांचे शर्ट, धोतरं, स्वतःच्या जुन्या साड्या यांची वाकळ शिवून घेतात. अजूनही कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत हातानं वाकळ शिवणाऱ्या बायका आहेत. कपाट रिकामं होतं आणि थंडीत पांघरायला मिळतं.

पोरांवर काय परिणाम होतो?

मित्राला घरी आणता येत नाही, हा सगळ्यात मोठा. पोरगं ते तुम्हाला सांगणार नाही, ते फक्त रंकाळ्यावर जास्त वेळ बसायला लागेल. अभ्यासाला स्वतःची एक पाट-चौरंगाएवढी जागा, जिथं दुसऱ्या कुणाचं काही ठेवलं जाणार नाही, एवढं तरी द्या. फ्लॅट केवढा का असेना.

सत्तरीतल्या काकांनी अचानक रस्त्यावरच्या वस्तू आणायला सुरुवात केली आहे.

'अचानक' हा शब्द महत्त्वाचा. साठवणुकीचा विकार हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो. आयुष्यभर नीटनेटका असलेला माणूस म्हातारपणी एकदम जमवायला लागला, सोबत विसरभोळेपणा किंवा वागण्यात बदल दिसला, तर स्मृतिभ्रंश किंवा मेंदूचा दुसरा आजार असू शकतो. आधी डॉक्टर, आवराआवर नंतर.

उपचार आहेत का? कोल्हापुरात कुठं जायचं?

आहेत, पण संथ. यात बोलून केले जाणारे उपचार मुख्य. विचार आणि वागणं बदलण्याच्या पद्धतीनं, म्हणजे सीबीटीनं, माणूस वस्तू निवडायचा, टाकायचा आणि नवीन न आणायचा सराव करतो. त्याला महिने लागतात, आणि तज्ज्ञ घरी येऊन गेला तर जास्त उपयोग होतो. केवळ या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेली गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असते, आणि ती बऱ्याचदा असतेच, तिच्यावर औषधं असतात आणि त्यानं बाकीचं सोपं होतं.

सीपीआरमध्ये म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानसचा नंबर. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. माणूस स्वतः यायला तयार नसेल तर घरच्यांनी आधी यावं. अर्ध्याहून जास्त वेळा मी घरच्यांशीच बोलत असते, आणि त्यात काही गैर नाही.

माळ्यावर जुने कागद, तांब्या-पितळेची भांडी, पुस्तकं आहेत. सरसकट देऊन टाकू?

कागद थांबवा. कोल्हापूर संस्थानच्या काळातल्या घरांत मोडी लिपीतले कागद हमखास निघतात आणि वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात. मोडी वाचणाऱ्याला आधी दाखवा. शहरात पुराभिलेख कार्यालय आहे, तिथंही विचारता येईल. पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. १८५० पासूनची संस्था आहे, पण सगळं घेतीलच असं धरून गाडी भरून नेऊ नका. भांडी मोडीत घालायची तर घंगाळ आणि बंब कुणी ठेवणार आहे का, ते घरात एकदा विचारा. चुलत भावंडांतली भांडणं मी बंबावरून झालेली बघितली आहेत, जमिनीवरून नव्हे.

लग्नपत्रिकेवरचा गणपती, देवाचे जुने फोटो टाकवत नाहीत.

हसण्यासारखा प्रश्न नाही, कितीतरी घरांत यांचंच एक पोतं असतं. फ्रेम आणि काच वेगळी काढून भंगारात द्या. देवाचा कागद बादलीत भिजवून लगदा करा आणि झाडाच्या बुडात माती ओढून टाका. पत्रिका चकचकीत कागदाची असेल तर विरघळत नाही. तिच्यावरचं चित्र कापून जुन्या वहीत चिकटवायला नातवंडांना द्या. पिंपळाखाली ठेवून येऊ नका. तिथं पाय लागतो, आणि नदीत सोडलं तर पंचगंगेचं काय होतं ते आपण बघतोच आहोत.

मी आवरते, पंधरा दिवसांत परत तेवढंच. काय चुकतं?

बहुधा पिशवी. 'द्यायचं' म्हणून बांधून दारामागं ठेवलेली पिशवी रात्री कुणीतरी उघडतं, कधी कधी आपणच. त्यामुळं आधी भंगारवाल्याला किंवा बोहारणीला वेळ सांगायची आणि तासभर आधी पिशवी बांधायला बसायचं. बोहारीण कपड्यांच्या बदल्यात स्टीलचं भांडं देते, हे लक्षात ठेवा. त्या दिवशी पैसे घ्या.